परक्या घराची तोटी

बदलीच्या नोकरीतला माणूस दोन गोष्टी सहसा करीत नाही. तो अंगणात आंबा लावीत नाही आणि भाड्याच्या घरातला नळ बदलीत नाही. आंबा न लावल्याचे आम्हाला फारसे दुःख नाही. नळ न बदलणे मात्र चांगलेच भोवले.

तिरुनीलक्कुडी हे गाव कुंभकोणमहून कारैक्कालकडे जाणाऱ्या रस्त्यावर, भातखाचरांच्या मधोमध वसलेले आहे. आमची कचेरी कुंभकोणमला. परंतु भाडे परवडते म्हणून आम्ही बिऱ्हाड येथे थाटले. येथील नीलकंठेश्वराच्या पिंडीवर तिळाचे तेल ओततात आणि ते सारे पिंडीतच जिरते, अशी या देवाची ख्याती आहे. ज्या गावचा देव एवढे तेल पिऊन थेंब बाहेर पडू देत नाही, त्याच गावात आमच्या न्हाणीघरातली तोटी अहोरात्र ठिबकत असे. एकदा रात्री दहाला आम्ही तिच्याखाली तपेली ठेवली. सकाळी सहाला पाहतो तो ती भरून वाहत होती.

घरमालकांना सांगितले. ते म्हणाले, बदलायची तर खुशाल बदला, पण खर्च भाड्यातून वळता होणार नाही. झाले! आम्ही प्रकरण 'विचाराधीन' ठेवले. कारकुनाला एवढी एकच विद्या उत्तम येते. तोटीला चिंधी बांधली, चिंधी कुजली, दुसरी बांधली. आज ना उद्या बदलीचा हुकूम येईल, मग परक्याच्या घरावर पैसे का घालवा, हा युक्तिवाद आम्ही स्वतःशीच अकरा महिने केला आणि प्रत्येक वेळी जिंकलो.

अकराव्या महिन्यात साताऱ्याहून आई आली. त्या ठिबकण्याने लाल कोब्यावर शेवाळाचा पातळ थर धरला होता. रोज पाहून आम्हाला तो दिसेनासा झाला होता, आणि नव्या माणसाला तो दिसण्यासारखा नव्हता. तिसऱ्या दिवशी पहाटे आई पडली. उजवे मनगट मोडले. प्लास्टर घालून परत येताना ती बसमध्ये म्हणाली, "माझंच लक्ष नव्हतं रे." यावर काय बोलावे हे आम्हाला सुचले नाही.

गावात एक पेरियवर आहेत. वडीलधाऱ्यांना येथे असेच म्हणतात. तीस वर्षे मालवाहू जहाजांवर फिटर म्हणून काढून ते आता शेतीवाडी पाहतात. उमेदीच्या काळात मुंबईत जहाजाची वाट पाहत त्यांनी रत्नागिरीकडच्या खलाशांबरोबर एकाच खोलीत दिवस काढले होते. तेव्हाची पाचपन्नास मराठी वाक्ये त्यांच्यापाशी शाबूत आहेत. दारात येताच त्यांनी त्यांतले एक काढले, "आधी पाणी बंद कर, मग बोल." आईला प्लास्टरसकट हसू आले.

जुनी तोटी भिंतीतल्या कोपराला गंजून बसली होती. जोर केला तर आटे तुटतील आणि भिंत फोडावी लागेल, म्हणून त्यांनी सांध्यावर रात्रभर तेल सोडले. देवाप्रमाणे आमच्या नळानेही ते पिऊन टाकले आणि सकाळी पान्याच्या दुसऱ्या हिसक्याला मान वळवली. निघालेली तोटी पेरियवरांनी चाकूने खरवडून दाखविली. आतला भाग पिवळा नव्हता, तांबूस होता, आणि नखाने उकरला जात होता. पितळ म्हणजे तांबे आणि जस्त. खाऱ्या पाण्यात जस्त हळूहळू निघून जाते आणि मागे तांब्याचा सच्छिद्र सांगाडा उरतो. आमच्या बोअरचे पाणीही मचूळच. जहाजावर समुद्राच्या पाण्याशी गाठ असते तेथे यासाठीच कथील घातलेला, काशाच्या जातीचा धातू वापरतात.

एका हाताने तांब्या घेऊन आंघोळ करणे आईला जमेना, म्हणून आम्ही कुंभकोणमहून परातीएवढा शॉवर आणला होता. पेरियवरांनी तो उलटापालटा करून परत देऊन येण्यास सांगितले. दहा मीटर उंचीवरचे पाणी दर चौरस सेंटिमीटरला सुमारे एक किलोचा दाब देते. आमची टाकी शॉवरच्या वर जेमतेम दोन मीटर, म्हणजे दाब त्याच्या एक पंचमांश. जहाजावर बंद टाकीत हवा कोंडून पाण्याला रेटा देतात, येथे कोण देणार? त्यांनी थोड्या पण मोठ्या भोकांचा, नळीवरचा, हातात धरायचा लहान शॉवर आणविला. आट्यांवर ताग गुंडाळला तोही आट्यांच्याच दिशेने, म्हणजे तोटी फिरविताना तो सुटत नाही. नवी तोटी १५ मिलिमीटरची, हाताला जड लागणारी.

काम चालू असताना आम्ही आमचा जुना युक्तिवाद त्यांच्यापुढे मांडला. घर आमचे नाही. बदली केव्हाही होईल. "जहाज तरी माझे कुठे होते, सार?" ते म्हणाले. "करार नऊ महिन्यांचा. तोटी गळली तर पाणी मात्र आमचेच जाई." गोडे पाणी तेथे टाकीत मोजून भरलेले असते, नाहीतर इंजिनाच्या उष्णतेवर समुद्र आटवून मिळविलेले. मजुरी त्यांनी मोजून घेतली, एक रुपया सोडला नाही, हे आम्हाला बरे वाटले.

संध्याकाळी ते आईला देवळात घेऊन गेले. ७ व्या शतकातले संत अप्पर यांना दगडाला बांधून समुद्रात टाकले होते. नीलक्कुडीच्या ईश्वराचे नाव घेऊन आपण तरलो, असे त्यांनी येथल्याच पदात म्हटले आहे. पेरियवरांनी ते मोडक्यातोडक्या मराठीत सांगितले. आईला त्यात नवल वाटले नाही. "आमच्या तुकोबांच्या वह्या इंद्रायणीत तरल्याच की," ती म्हणाली. आम्ही पेरियवरांना हळूच विचारले, दगड खरोखर तरतो का? "लोखंड तरते ते मी तीस वर्षे पाहिले आहे," एवढेच ते बोलले.

प्लास्टर निघाले त्या दिवशी आईने उजव्या हाताने ती तोटी उघडली, बंद केली आणि तिच्याखाली तळवा धरून बराच वेळ उभी राहिली. थेंब पडला नाही. मनगट मात्र अजून पुरते वळत नाही.