न हलणाऱ्या जहाजावरची एक रात्र

खापरखेड्याच्या माणसाला पाणी माहीत आहे ते कोलार आणि कन्हान नदीचे, नाहीतर राखेच्या बंधाऱ्यातले. समुद्र आम्ही पाहिला तो दादरला चैत्यभूमीवर, ६ डिसेंबरच्या गर्दीत, खांद्यावर पिशवी घेऊन. म्हणून "यंदा दादा-वहिनींनी जहाजाच्या सफरीला यायचंच" असा धाकट्या भावाचा अमेरिकेहून फोन आला, तेव्हा सौ. म्हणाल्या, "जहाजात? पोहता तरी येते का तुम्हाले?"

आमचे बाबा वीज केंद्रात बॉयलरवर हेल्पर होते. ते वारले तेव्हा भाऊ बारावीला होता. आम्ही बी.कॉम. होऊन नुकतेच कारकून झालो होतो. त्याच्या शिक्षणाचा भार आम्ही उचलला, यात विशेष काही नाही. आपल्या वस्तीत अनेक थोरल्यांनी ते केले आहे. भाऊ इंजिनिअर झाला, कॅलिफोर्नियात नोकरीला लागला, आणि त्याने जाण ठेवली. तरी आमचे मन खात होते. लग्नात कर्ज काढू नका, बारशात उधळपट्टी करू नका, असे घरोघर सांगत फिरणारे आम्ही. आम्हीच जहाजाची मौज करावी काय? सौ.नी तोही प्रश्न निकालात काढला. "जलमभर लोकाइच्या घरी सभा घेतल्या. आता भावाच्या घरी चार दिवस राहा."

सफर होती लाँग बीच या बंदरातून मेक्सिकोची, चार दिवसांची. (मेक्सिकोत उतरून पुन्हा अमेरिकेत यायचे असते, म्हणून अमेरिकेचा व्हिसा एकापेक्षा जास्त वेळा प्रवेश देणारा हवा. कोणी जाणार असेल तर हे आधी पाहून घ्यावे.) भावाच्या घरापासून बंदर मोटारीने सहा-सात तासांवर. सकाळी निघून धावपळ नको, म्हणून आदल्या रात्रीचा मुक्काम त्याने बंदरालाच लागून असलेल्या एका जुन्या जहाजावर ठरवला. जहाजाचे नाव क्वीन मेरी. हे जहाज आता कुठेही जात नाही. ते हॉटेल झाले आहे.

लांबून त्याची तीन तांबडी धुराडी दिसली आणि आम्हाला गावची आठवण झाली. लांबी १,०१९ फूट. स्कॉटलंडमधल्या क्लाइडबँक येथे १ डिसेंबर १९३० रोजी ते बांधायला घेतले. जगभर मंदी आली, कंपनीचा पैसा संपला, आणि डिसेंबर १९३१ मध्ये तीन हजारांहून अधिक कामगारांना एका दिवसात घरी बसवले. दोन वर्षांहून जास्त काळ तो अर्धवट सांगाडा गंजत उभा होता आणि त्याच्या सावलीत ती कामगारवस्ती उपाशी होती. सरकारने कर्ज दिल्यावर एप्रिल १९३४ मध्ये काम पुन्हा सुरू झाले. २७ मे १९३६ ला जहाज पहिल्या सफरीला निघाले आणि १ जूनला न्यूयॉर्कला पोहोचले. महायुद्धात त्याला करडा रंग फासून सैनिक वाहायला लावले. जुलै १९४३ मध्ये एकाच फेरीत १६,६८३ माणसे त्याने नेली. पुढे विमाने आली, उतारू आटले. १९६७ साली लाँग बीच शहराने ते विकत घेतले आणि १९७२ पासून त्यावर हॉटेल सुरू झाले. मे २०२० पासून सुमारे तीन वर्षे तेही बंद होते.

आत शिरलो तर सगळीकडे लाकडाचे तक्तपोशीकाम आणि गोल खिडक्या. न्हाणीघरातल्या जुन्या टबाला चार नळ! गरम-थंड गोडे पाणी आणि गरम-थंड खारे पाणी. सौ.नी चारही फिरवून पाहिले. "आपल्याकडे एक नळ असते, त्यालेही एक दिवसाआड," एवढेच बोलल्या.

सामान ठेवून खाली येताना लिफ्टपाशी मराठी कानावर पडले. पुण्याकडचे एक जोडपे होते, तेही उद्याच्याच सफरीचे. परदेशात आपली भाषा ऐकली की जीव सुखावतो. बोलता बोलता त्या गृहस्थांनी भावाला विचारले, "नागपूरचे का? आडनाव काय आपलं?" भावाने आपले पहिले नाव सांगितले. त्यांनी पुन्हा विचारले, "नाही, आडनाव?" भाऊ हसला, "अहो, इथं सगळे पहिल्या नावानंच हाक मारतात," म्हणाला आणि घड्याळाकडे पाहू लागला. लिफ्ट आली. आम्ही काही बोललो नाही, पण ते मनात रुतून बसले.

मग जहाज दाखवणाऱ्या माणसाबरोबर फिरलो. जुन्या भोजनगृहात अटलांटिक महासागराचा भिंतभर नकाशा आहे. प्रवास चालू असताना त्यावर काचेचे छोटे जहाज सरकत असे, म्हणजे जेवता जेवता आपण कुठवर आलो ते कळावे. पण ते भोजनगृह वरच्या वर्गाचे. जहाजावर तीन वर्ग होते. मधला भाग, जिथे हेलकावे कमी, तो श्रीमंतांचा. मागचा भाग मधल्या वर्गाचा. आणि अगदी पुढचे टोक, जिथे लाट आधी आदळते, ते तिसऱ्या वर्गाचे.

दहा वर्षांच्या पुतणीने आमचा हात ओढला. "मोठे बाबा, आपण असतो तर कुठे असतो?"

आम्ही म्हणालो, "टोकाला. किंवा खाली, बॉयलरपाशी." ती हसली. भाऊ हसला नाही.

इंजिनघर पाहताना मात्र आम्ही गाइडपेक्षा जास्त बोललो असू. या जहाजाला २४ मोठे बॉयलर होते, तेलावर चालणारे. वाफेच्या चार टर्बाइनांची ताकद १,६०,००० अश्वशक्ती, म्हणजे सुमारे १२० मेगावॅट. आमच्या खापरखेड्याचा २१० मेगावॅटचा एक संच याच्यापेक्षा मोठा! पण ते बॉयलर आज तिथे नाहीत. हॉटेल करताना काढून टाकले. एक इंजिनघर तेवढे पाहण्यापुरते ठेवले आहे. श्रीमंतांच्या खोल्या जपल्या, त्यांचे लाकूड पुसून चकचकीत ठेवले, आणि ज्या जागी माणसे घामाने निथळत होती ती जागा रिकामी केली. बाबा आठवले. पाळीवरून आल्यावर ते आधी अंगणात हातपाय धूत आणि पाणी काळे होई.

रात्री झोप येईना. जहाज हलत नाही, इंजिनाचा आवाज नाही, पण भिंती मधूनच करकरतात. बाहेर डेकवर आलो तर भाऊ कठड्याशी उभा. समोर बंदराचे दिवे पाण्यात थरथरत होते. आम्ही विचारायच्या आधी तोच बोलला.

"दादा, तुला वाईट वाटलं ना? पण तू इथं राहत नाहीस. माझ्या कामावर वरचे चार जण आपल्याच देशाचे आहेत. आडनाव कळलं की आधी हसून बोलणारा माणूस दुसऱ्या दिवशी जेवायला बोलावत नाही. तक्रार कशाची करू? जेवायला न बोलावल्याची?"

ही गोष्ट काही त्याच्या एकट्याची नाही. सिएटल शहराने फेब्रुवारी २०२३ मध्ये जातीवरून भेदभाव करायला बंदी घातली. कॅलिफोर्नियाच्या विधिमंडळानेही त्याच वर्षी तसे विधेयक मंजूर केले, पण राज्यपालांनी ऑक्टोबरमध्ये ते नाकारले. जात विमानात बसून तिथवर गेली आहे, हे त्या देशाच्या कायदेमंडळाला चर्चेला घ्यावे लागले.

वाचकहो, आमच्या जिभेवर भाषण आले होते. पंचवीस वर्षे तेच केले आहे. पण त्या अंधारात दुसरेच आठवले. बी.कॉम.ला असताना नागपुरात खोली शोधत होतो. तीन ठिकाणी आडनाव सांगून परत आलो. चौथ्या ठिकाणी आम्ही दुसरेच आडनाव सांगितले. दोन वर्षे त्या नावाने राहिलो. बाबा भेटायला आले तर त्यांना खोलीवर न आणता बसस्टँडवरच चहा पाजून परत पाठवत होतो. त्यांनी कारण कधी विचारले नाही. ही गोष्ट आम्ही आजवर कोणत्याही सभेत सांगितलेली नाही. सौ.नासुद्धा नाही.

ती त्या रात्री भावाला सांगितली. तो बराच वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, "बाबा मला सांगायचे, दादाची खोली लहान आहे म्हणून."

पुढे दोघांनाही बोलवेना.

आत येऊन पडलो तेव्हा एक तारीख डोक्यात आली. हे जहाज पहिल्या सफरीत अटलांटिकवर होते त्याच दिवशी, ३१ मे १९३६ ला, मुंबईत दादरला बाबासाहेब 'मुक्ती कोन पथे?' हे भाषण देत होते. नावाडी प्रवासाला निघण्याआधी जशी सगळी सामग्री गोळा करतो, तशी धर्मांतराची तयारी आपण केली पाहिजे, हे त्यात त्यांनी समजावले होते. नुसते नाव बदलून भागत नाही, हेही त्यात होते. आम्ही ते भाषण कितीदा तरी वाचले, वाचून दाखवले. पण मुलांनी दूरदेशी जाताना बरोबर काय न्यावे याची तयारी करून देताना आपण काय दिले? पदवी दिली, लोणच्याची बरणी दिली. आडनाव विचारल्यावर काय बोलायचे, ते शिकवले नाही. कारण आपल्यालाच ते नीट जमले नव्हते.

सकाळी सामान घेऊन शेजारच्या सफरीच्या जहाजाच्या रांगेत उभे राहिलो. तेच पुण्याचे जोडपे आमच्या पुढे. नमस्कार झाला. भावाने पुतणीच्या खांद्यावर हात ठेवला आणि आपणहून आपले पूर्ण नाव सांगितले, आडनावासकट. "आम्ही खापरखेड्याचे. बौद्ध आहोत. हे माझे दादा, यांनी मला शिकवलं."

"अच्छा, अच्छा," गृहस्थ म्हणाले. रांग पुढे सरकली. चार दिवसांत त्यांनी आम्हाला एकदा चहाला बोलावले नाही. बाईंनी मात्र पुतणीला केसांची पिन दिली. एवढेच झाले. आभाळ कोसळले नाही आणि क्रांतीही झाली नाही.

सफर छान झाली. सौ.ना समुद्र लागला नाही, आम्हालाच लागला. पण मेक्सिकोपेक्षा ती न हलणाऱ्या जहाजावरची रात्रच मनात राहिली. परतल्यावर आधी सौ.ना त्या खोलीची गोष्ट सांगितली. त्या एवढेच म्हणाल्या, "बाबांले सांगाचं होतं." ते आता शक्य नाही.

म्हणून इथे लिहिले. ज्यांची मुले शिकायला, नोकरीला बाहेरगावी किंवा परदेशी निघाली असतील त्यांनी आदल्या रात्री त्यांना जवळ बसवावे. बॅग भरून झाल्यावर घडलेले खरे सांगावे. आपण कुठे ताठ उभे राहिलो तेही, आणि कुठे वाकलो तेही. जयभीम.