कराटे की ज्युदो? आधी शिक्षक बघा

मुलगी आठवीत, धाकटा चौथीत. दोघांना स्वसंरक्षणाचे शिक्षण द्यायचे असे आम्ही नवराबायकोने ठरवले, तेव्हा पहिला प्रश्न घरातच निघाला. आजी म्हणाली, "आपण बुद्धाला मानणारी माणसं. पोरांना मारामारी कशाला शिकवता?"

आजीचा प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नव्हता. बाबासाहेबांनी 1957 साली प्रसिद्ध झालेल्या 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात अहिंसेचा अर्थ नीट उलगडून सांगितला आहे. अहिंसा हे तत्त्व आहे, आंधळेपणाने पाळायचा नियम नाही. मारण्याची हौस वेगळी आणि मारण्याची गरज वेगळी, हा भेद त्यांनी केला. महाडलाही तेच दिसते. 20 मार्च 1927 रोजी चवदार तळ्याचे पाणी प्राशन केल्यावर जमावाने आपल्या लोकांवर हल्ला केला, डोकी फोडली. आपल्यात लष्करात नोकरी केलेली माणसे होती, उलट वार करण्याची ताकद होती. बाबासाहेबांनी त्यांना आवरले. ताकद असून हात आवरणे आणि ताकद नाही म्हणून मार खाणे, यांत जमीनअस्मानाचा फरक आहे. हे सांगितल्यावर आजी म्हणाली, "मग चांगला मास्तर बघा."

त्या एका वाक्यात सगळे आले. पण आम्ही आधी कलांची नावेच विचारत फिरलो, कारण ज्याला त्याला आपलीच कला मोठी वाटते. थोडक्यात सांगायचे तर कराटे आणि तायक्वांदो यांत हातापायांचे वार शिकवतात. कराटेत ठोसे जास्त, तायक्वांदोत लाथा जास्त. ज्युदो आणि कुस्तीत धरपकड, पाडणे आणि सुटणे. लाठीकाठी आपल्याकडे पूर्वापार आहे. खेळात पुढे जायचे असेल तर ज्युदो, कुस्ती, तायक्वांदो आणि बॉक्सिंग यांना ऑलिंपिकची वाट आहे. कराटे टोकियोच्या ऑलिंपिकमध्ये, म्हणजे 2021 साली, एकदाच आले. 2024 च्या पॅरिसला नव्हते. ऑलिंपिकच्या नावावर कोणी जास्त फी मागितली तर एवढे लक्षात असू द्यावे.

आणखी एक गोष्ट. पुष्कळ क्लासवाले सांगतात की बोधिधर्म नावाच्या भिक्खूने भारतातून चीनच्या शाओलिन विहारात जाऊन ही विद्या नेली. ऐकून आपली छाती फुगते. पण बोधिधर्मांचा या विद्येशी संबंध जोडणारा मजकूर सतराव्या शतकातला, म्हणजे त्यांच्यानंतर हजार वर्षांनी लिहिलेला आहे. त्यामुळे इतिहासकार ही दंतकथा मानतात. आपण कालाम सुत्त वाचणारे. केवळ आपल्या अभिमानाची म्हणून कोणतीही गोष्ट मानू नये. खरा दुवा हवा असेल तर ज्युदोचा आहे. जिगोरो कानो या शिक्षकाने 1882 साली ज्युदोची शाळा काढली ती टोकियोतल्या एईशोजी या बौद्ध मंदिरात, बारा चटयांच्या जागेत.

आम्ही तीन ठिकाणी जाऊन बसलो. पहिला क्लास चकचकीत होता. वर्षात ब्लॅक बेल्टची खात्री, दर तीन महिन्यांनी परीक्षा आणि प्रत्येक परीक्षेची वेगळी फी. आई-वडिलांनी आत बसायचे नाही. खाली लादी, वर पातळ सतरंजी. पोरे त्यावर आपटत होती.

दुसरीकडे जुनी तालीम होती. मेहनत खरी, फी नावापुरती. खाशाबा जाधवांनी 1952 साली हेलसिंकीला कांस्यपदक मिळवले ते तालमीच्या मातीतून वर येऊनच, त्यामुळे मातीबद्दल आम्हाला आदर आहे. पण रोज आधी मूर्तीपुढे नारळ आणि पाया पडणे. आम्ही नम्रपणे म्हणालो, "आमच्या घरात बावीस प्रतिज्ञा आहेत, मुलगा हात जोडून बाजूला उभा राहिला तर चालेल का?" वस्तादांनी आडनाव विचारले, मग जागा नाही म्हणाले. धाकट्याने वाटेत विचारले, "जागा तर होती ना?" त्याला आम्ही खरे तेच सांगितले.

तिसरा क्लास महापालिकेच्या शाळेतल्या हॉलमध्ये, ज्युदोचा. जाड मॅट, शिकवायला एक सर आणि एक ताई. पहिला महिना फक्त पडायचे कसे, एवढेच. समोरच्याने हाताने थाप मारली की पकड त्याच क्षणी सोडायची, नाही सोडली तर त्या दिवशी बाहेर बसायचे. सुरुवातीला आणि शेवटी दोघे एकमेकांना वाकून अभिवादन करतात. मुलीने विचारले, "हे चालतं का आपल्यात?" आम्ही म्हणालो, "हे देवाला नाही, सोबत्याला आहे. आपण जयभीम करतो तसं." आडनाव फॉर्मवर लिहिले तेवढेच. दोघांनाही तिथेच घातले.

ज्युदो सर्वांत श्रेष्ठ असे आमचे म्हणणे नाही. ठोसा चुकवायला ज्युदोत शिकवत नाहीत, ते कराटेत किंवा बॉक्सिंगमध्ये शिकता येते. पण मुलीचा हात धरला, ओढले, खाली पाडले, तर सुटायचे कसे हे अंगवळणी पडते. आणि सुटल्यावर थांबून लढायचे नाही. ओरडायचे, पळायचे, 112 ला फोन करायचा, हे त्या ताई पहिल्याच दिवशी सांगतात. असे सांगणारा शिक्षक दिसला की समजावे, जागा बरी आहे.

म्हणून क्लास निवडताना या गोष्टी बघाव्यात. पालकांना बसू देतात का? मुलींसाठी बाई शिक्षिका आहे का? वर्षाचा एकूण खर्च, ड्रेस आणि परीक्षा धरून, आधी सांगतात का? लागले तर काय करतात? मोठा मुलगा लहानाशी कसा वागतो? आणि आपल्या लेकराचे नाव ऐकल्यावर शिक्षकाचा चेहरा बदलतो का? कला कोणती, हे त्यानंतर मुलांनाच ठरवू द्यावे.

जिथे असा क्लास जवळ नाही, तिथे आपली विहारे आहेत. रविवारी वंदना झाल्यावर सभागृह दिवसभर रिकामे असते. चार घरांनी वर्गणी काढून मॅट घेतल्या आणि एखाद्या जाणत्या शिक्षकाला बोलावले, तर वस्तीतल्या पोरींना दूर जावे लागणार नाही. बारा चटया पुरतात.