शाहूपुरीतील एक दुपार

कोल्हापूरच्या स्टेशनातून बाहेर पडलेला पाहुणा रिक्षात बसतो आणि थेट अंबाबाईच्या देवळाकडे निघतो. शाहूपुरी त्याला वाटेत लागते, पण दिसत नाही. आणि तीत पाहण्यासारखे तरी काय आहे? क्रमांकाने ओळखल्या जाणाऱ्या गल्ल्या, गाळे, पाट्या, हातगाड्या. १८९१ मध्ये गावात रेल्वे आली आणि १८९५ मध्ये शाहू महाराजांनी गुळाच्या व्यापारासाठी ही पेठ वसवली. गूळ पुढे मार्केट यार्डात गेला. पेठ मात्र जागची हलली नाही.

मी तेथे गेलो तो आईचा फोटो घेऊन. तिचे वर्षश्राद्ध जवळ आले होते आणि भिंतीवर लावण्याजोगा एकच फोटो घरात निघाला; लग्नानंतर, १९७४ च्या सुमारास काढलेला आणि ट्रंकेतल्या ओलीने बुरशी धरलेला.

कुंभार गल्लीच्या तोंडाशी एका जिन्याखाली स्टुडिओ आहे. स्टुडिओ म्हणायचे इतकेच. एक टेबल, एक संगणक आणि पंचविशीतला एक मुलगा. त्याचे आजोबा हेच काम निगेटिव्हवर करीत. निगेटिव्हमध्ये सारेच उलटे. सुरकुतीची काळी रेघ तेथे पारदर्शक उमटते; आजोबा भिंगातून पाहात तीत टोकदार शिसपेन्सिलीने बारीक ठिपके भरीत, म्हणजे छापताना सुरकुती फिकी पडे. चेहरा उजळायचा तर आधी त्याला काळे फासायचे! मला हे ठाऊक नव्हते. मोठी मौज वाटली.

नातवाच्या हाती फोटोशॉप आहे. थॉमस व जॉन नॉल या अमेरिकन भावांची ही करणी १९९० मध्ये बाजारात आली. २००२ पासून तीत 'हीलिंग ब्रश' नावाचा एक कुंचला आहे. जवळच्या चांगल्या भागाचा पोत उचलून तो डागावर बसवतो आणि भोवतालच्या रंगाशी, उजेडाशी जुळवून टाकतो. कुंचला आणि कॅमेरा एकाच हाती धरणाऱ्या बाबूराव पेंटरांच्या या गावालाही असा बिनरंगाचा कुंचला नवाच.

"तासाभरानं या, सर," मुलगा म्हणाला. मी कुंभार गल्लीत हिंडलो. गणपती कधीच आपापल्या घरी जाऊन विसर्जनही पावले होते. आता पणत्यांचे ढीग लागले होते. परतलो तेव्हा मुलाने पडदा माझ्याकडे वळवला.

"एकबी डाग ठेवला नाही बघा!"

फोटोतली बाई सुरेख होती. ती माझी आई नव्हती.

आईला लहानपणी देवी आल्या होत्या. गालांवर, कपाळावर वण होते. बुरशीबरोबर तेही गेले. मुलाला कसे बोलणार? १९७५ मध्ये देवी या देशातून गेल्या. असा चेहरा त्याने जवळून पाहिला असेल तरी कधी? आणि कुंचल्याला तर सगळे ठिपके सारखेच.

"मूळ स्कॅन हाय की," तो म्हणाला. "वण कुठला, बुरशी कुठली, तेवढं बोटानं दावा."

मी पुढे वाकलो, आणि मला सांगता येईना. चाळीस वर्षे रोज पाहिलेला चेहरा! वर्गात कवींची मुखवर्णने तासतासभर उलगडून सांगणारा मी, आईचा गाल मला वाचता येईना.

शेवटी मिरजेच्या मावशीला फोन केला. तिने सगळे ऐकून घेतले.

"अरे, गेले ते जाऊ देत की! तो फोटो काढायच्या दिवशी तिनं किती पावडर थापली होती, मला विचार. मीच लावून दिली. तरी दिसले म्हणून घरी येऊन रडली."

हे आई मला कधी बोलली नव्हती.

मुलगा माउसवर हात ठेवून वाट पाहात होता. "मग, सर? काढू का ठेवू?"

एका वणाची मला खात्री होती. तो दोन भिवयांच्या मध्ये, किंचित वर होता. कुंकू लावताना तिचे बोट तेथे क्षणभर अडे. तेवढा मी परत आणवला. बाकीचे मावशीच्या शब्दावर सोडले.

मुलाने त्या वणाचे वेगळे पैसे घेतले नाहीत.