ओळखीचे तारण

इजिप्त म्हटले की आमच्या डोळ्यांपुढे पिरॅमिड उभे राहत. हल्ली मात्र मीत गम्र हे गाव उभे राहते. नाईलच्या त्रिभुज प्रदेशातल्या या गावी १९६३ साली अहमद अल्-नज्जार या अर्थतज्ज्ञाने एक बचत बँक काढली. नज्जार जर्मनीत शिकलेले. तेथल्या गावोगावच्या बचत बँका त्यांनी पाहिल्या होत्या आणि तेच रोप त्यांना नाईलच्या गाळात लावायचे होते. अडचण व्याजाची होती. व्याज धर्मबाह्य मानणारा शेतकरी बँकेची पायरी चढायला राजी नव्हता. म्हणून या बँकेने व्याज घेतलेही नाही आणि दिलेही नाही. किरकोळ रकमेनेही खाते उघडता येई. बचत करणाऱ्याला गरजेपुरते बिनव्याजी कर्ज मिळे. गुंतवणुकीच्या खात्यावर नफ्यातला वाटा असे. १९६७ पर्यंत अशा नऊ शाखा झाल्या होत्या.

हे वाचताना आम्हां दोघांनाही एकच प्रसंग आठवला. आम्ही दोघे मराठीचे प्राध्यापक. काही वर्षे कर्मचाऱ्यांच्या एका पतसंस्थेचे संचालकही होतो. आपल्याकडच्या १९०४ च्या सहकारी पतसंस्था कायद्यामागेही जर्मनीतल्या राइफायझेनची प्रेरणा होती, म्हणजे मीत गम्रशी आमचे दूरचे नाते निघते. तर एका बैठकीत एका शिपायाचा कर्जाचा अर्ज आला. मुलीच्या शिक्षणासाठी पैसे हवे होते. जामीनदार दोन लागत, त्याला एकच मिळाला होता. पंधरा वर्षे हा माणूस आमच्या वर्गांची कुलुपे उघडत होता. त्याचा एक हप्ता कधी चुकला नव्हता. आम्ही नियमावर बोट ठेवले आणि अर्ज परत केला. तो ‘बरं सर’ म्हणाला आणि चहा आणायला गेला.

शाखा गावात असावी ती कशासाठी? अंतर वाचावे एवढ्याचसाठी नव्हे. समोरचा माणूस कागदाशिवाय कळावा, यासाठी. मीत गम्रच्या प्रयोगाचे मर्म आम्हांला तरी यातच दिसते. आम्ही त्या शिपायाच्या पाच पावलांवर होतो आणि तरी त्याला ओळखत नव्हतो.

मीत गम्रचा प्रयोगही टिकला नाही. १९६७ साली सरकारने त्या शाखा मोठ्या बँकांच्या हाती सोपवल्या आणि त्यांचे वेगळेपण संपले. व्याज न घेणाऱ्या बँकेची कल्पना तेवढी उरली. १९७१ साली स्थापन झालेल्या नासर सोशल बँकेत ती पुन्हा दिसते. ते प्रयोग सत्तेने मोडले, असे म्हणता येईल. आमच्या पतसंस्थेत मात्र सत्ता आमचीच होती. दुसऱ्या जामीनदाराच्या जागी सही करायला आम्हां दोघांपैकी कोणाचाही हात पुढे झाला नाही, हे कोणत्या सरकारच्या माथी मारायचे?

तो शिपाई आता निवृत्त झाला आहे. रस्त्यात भेटला की अजूनही आधी तोच नमस्कार करतो.