दम आणि घड्याळ

आपल्या लहानपणींचा खेळ आतां बिघडला, असें ज्या दिवशीं माणूस चारचौघांत छातीठोकपणें सांगूं लागतो, त्या दिवशीं त्याच्या वार्धक्यास आरंभ झाला असें खुशाल समजावें; मग केस पिकलेले असोत वा नसोत. या हिशेबानें मी चांगलीं दहाअकरा वर्षें म्हातारा आहें. २०१४ सालीं प्रो कबड्डी लीग सुरू झाली. दिव्यांच्या झगमगाटांत, मॅटवर, पायांत बूट घालून, लिलांवांत लाखांनीं बोली लागलेले गडी आमचा हुतुतू खेळत आहेत, हें मीं दूरचित्रवाणीच्या पडद्यावर पाहिलें, आणि तेव्हांपासून माझी जी कुरकुर सुरू झाली ती घरच्या माणसांना तोंडपाठ झाली आहे.

असल्या कुरकुरीला सोबती मात्र पुष्कळ मिळतात. माझा एक जुना विद्यार्थी अमेरिकेंत असतो. त्याच्या शेजारीं एक सत्तरी उलटलेले गृहस्थ राहतात. जन्मभर बेसबॉल पाहत आलेले. ते सध्यां फार कष्टी आहेत, असें त्यानें मला मध्यंतरीं कळविलें. बेसबॉल हा घड्याळाला न जुमानणारा खेळ. शेवटचा गडी बाद होईपर्यंत चालावयाचा, मग रात्र होवो कीं मध्यरात्र. पण २०२३ पासून तेथील मुख्य स्पर्धेंत चेंडू फेंकणाऱ्यापुढें घड्याळ आणून ठेवलें. तळांवर कोणी गडी नसेल तर पंधरा सेकंदांत त्यानें चेंडू टाकलाच पाहिजे. त्या एका वर्षांत सामने सरासरीनें चोवीस मिनिटें लवकर संपूं लागले. तरुण मंडळी खूष झालीं, आणि हे आजोबा म्हणतात कीं आमचा खेळ गेला. तें पत्र वाचून त्या अनोळखी गृहस्थांना कडकडून भेटावें असें मला वाटलें. कारण माझेंहि खरें भांडण बुटांशीं नाहीं, मॅटशीं नाहीं आणि पैशाशीं तर मुळींच नाहीं. गरिबाच्या पोरांना खेळाचे चार पैसे मिळाले तर माझें काय जातें? माझें भांडण आहे तें घड्याळाशीं.

राळेगणसिद्धी हें माझें गांव. आज हें नांव उच्चारलें कीं ऐकणाराला अण्णा हजारे आठवतात आणि १९७५ नंतर तेथें झालेलीं पाणी अडविण्याचीं कामें आठवतात, व तें योग्यच आहे. मला मात्र त्या नांवासरशीं ओढ्याकांठचा एक मातीचा तुकडा डोळ्यांपुढें येतो. पारनेर तालुका पहिल्यापासून पावसाला पारखा. १९७२ च्या दुष्काळाच्या गोष्टी आम्हीं आईच्या तोंडून ऐकल्या. पण आमच्या स्वतःच्या लहानपणींहि उन्हाळा आला कीं विहिरी तळ दाखवीत. अशा गांवांत खेळाच्या जागेवर पाणी शिंपणें म्हणजे पातकच. आणि शिंपल्यावांचून तर माती बसत नाहीं, गुडघे सोलून निघतात. मग आम्ही मुलें गुरांनीं उष्टावलेलें हौदांतलें गढूळ पाणी मडक्यांनीं वाहून आणूं, खडे वेंचूं, आणि घरोघरच्या चुलींतली राख मागून आणून तिनें रेघा आंखूं. संध्याकाळपर्यंत पायांनीं त्या पुसल्या जात. दुसऱ्या दिवशीं पुन्हां राख. मध्यरेषा नेमकी कोठें होती यावरून जी भांडणें होत त्यांतच निम्मा खेळ संपे.

या खेळाला प्रांतोप्रांतीं निराळीं नांवें आहेत. बंगालकडे हाडुडु, मद्रासकडे चेडुगुडु, उत्तरेंत कबड्डी. त्याला नियमांच्या चौकटींत बसविण्याच्या कामांत महाराष्ट्राचा वांटा मोठा. १९३६ सालीं बर्लिनच्या ऑलिंपिकच्या वेळीं अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या पथकानें परदेशी लोकांना तो करून दाखविला. १९५० सालीं अखिल भारतीय संघटना निघाली, आणि १९९० सालीं बीजिंगच्या आशियाई स्पर्धांपासून तो पदकाचा खेळ झाला. या प्रवासांत आमचें ‘हुतुतू’ हें नांव मागें पडून ‘कबड्डी’ तेवढें उरलें. पुढें २०१८ सालीं जकार्त्याला इराणनें आपल्या पुरुषांना उपांत्य फेरींत आणि स्त्रियांना अंतिम सामन्यांत हरविलें, तेव्हां सगळ्यांबरोबर मलाहि वाईट वाटलें. पण खरें सांगावयाचें तर मनांत कोठें तरी गुदगुल्याहि झाल्या. राखेच्या रेघांवरचा आमचा खेळ इतक्या दूर जाऊन पोंचला होता!

नांव बदललें याचें मला दुःख नाहीं, मात्र एक बारीकशी तक्रार आहे. ‘हुतुतू’ हा शब्द ओढतां येतो. त्यांतल्या शेवटच्या ऊकारावर गडी आपला सगळा श्वास हळूहळू सोडीत राहतो, आणि श्वास संपला कीं आवाज चिरकतो, तें लांब उभ्या असलेल्या माणसालाहि कळतें. ‘कबड्डी’ हा शब्द पडला तुकड्यातुकड्यांचा. लबाड गड्याला दोन ‘कबड्डीं’च्या फटींतून चोरून एकादा श्वास घेणें त्यांत सोपें जातें, असें आपलें माझें मत आहे. जाणकारांनीं तें हसण्यावारीं न्यावें.

सारा खेळ या दमावर उभा. चढाईला गेलेल्या गड्याचा काळ त्याच्या स्वतःच्या छातींत मोजला जावयाचा. समोर सातजण साखळी धरून टपलेले. पाठीमागें आपली रेघ. आणि या दोहोंच्या मध्यें एका श्वासाएवढें आयुष्य. ज्याची छाती मोठी त्याला अधिक आयुष्य, इतका सरळ न्याय. आतां चढाईला तीस सेकंद. दोन चढाया रिकाम्या गेल्या तर तिसरी ‘करो वा मरो’. दमाचा नियम पुस्तकांत अजून आहे, आणि पंच त्याकडे कान देऊन असतात हेंहि मला ठाऊक आहे. पण आपण प्रेक्षक पाहतों तें काय? कोपऱ्यांतले आंकडे: दहा, नऊ, आठ. गड्याच्या तोंडचा शब्द तर प्रेक्षकांच्या आरोळ्यांत आणि वर्णन सांगणाराच्या ओरडण्यांत ऐकूंच येत नाहीं.

मी तीस वर्षें वर्गांत इंग्रजी निबंध शिकविले. १८१९ सालीं वारलेल्या कॅव्हनाघ नांवाच्या एका खेळाडूवर हॅझलिटनें लिहिलेला मजकूर मला त्यांत फार आवडे. भिंतीवर हातानें चेंडू मारण्याच्या खेळांत हा कॅव्हनाघ पटाईत. धंद्यानें घरें रंगविणारा. भल्याभल्यांवर तुटून पडणारा हॅझलिट त्या रंगाऱ्यापुढें नम्र होतो. वर्गांत तें शिकवितांना मी दरवर्षीं विषय सोडून हुतुतूवर घसरें, आणि तेथून घसरें तो थेट माझ्या त्या चढाईवर. ती चढाई मीं किती पिढ्यांना सांगितली असेल याची गणति नाहीं.

ती सांगण्यापूर्वीं अक्काविषयीं सांगितलें पाहिजे. दम तुटला कीं नाहीं, हा हुतुतूंतला नेहमींचा तंटा. ज्याला पकडलें तो म्हणणार, दम होता. ज्यांनीं पकडलें ते म्हणणार, केव्हांच तुटला. आमच्या गांवीं हा तंटा माझ्या थोरल्या बहिणीनें मिटविला होता. ती माझ्याहून दोन वर्षांनीं मोठी. सातवीनंतर तिचें नांव शाळेंतून काढलें होतें. आमचे वडील स्वतः शिक्षक होते, हें येथें मुद्दाम सांगतों. दुपारीं ती म्हैस घेऊन ओढ्यावर येई, आणि खेळाच्या जागेलगत एका पडक्या गोठ्याची भिंत होती तिच्यावर बसून राही. तिचे कान विलक्षण तिखट होते. प्रथम कोणी तरी चिडून विचारलें असेल, ‘अक्के, तूंच सांग, तुटला कां?’ पुढें तो रिवाजच पडला. गडी पकडला गेला आणि गलका उठला कीं सगळीं तोंडें भिंतीकडे वळत. ती डोळे मिटून बसलेली असे. ‘तुटला’ किंवा ‘होता’, एवढा एकच शब्द ती बोले, आणि त्यावर पुन्हां कोणी ब्र काढीत नसे. तिला खेळावयाचें आहे काय, असें मात्र कोणी विचारलें नाहीं. मीहि नाहीं.

१९८३ च्या हिवाळ्यांतली गोष्ट. तालुक्याच्या शालेय सामन्यांसाठीं संघ निवडावयाचा होता. सहा गडी ठरले होते. सातव्या जागेला मी आणि वरच्या आळींतला एक मुलगा असे दोघे उरलों होतों. तो अंगानें काटक, पकडीला सुसरीसारखा. मास्तरांनीं आम्हांला दोन बाजूंना घालून डाव मांडला. शेवटच्या चढाईला मी गेलों, दोघांना शिवलों आणि परततांना त्यानें माझा घोटा धरला. मी पडलों. हुतुतू चालू ठेवून, कोपरांवर सरपटत, त्याला ओढीत ओढीत मीं हात लांब केला, आणि बोटें राखेला लागलीं. एकच गिल्ला झाला. तो मुलगा ओरडला, ‘दम गेला होता!’ मास्तरांनीं शिटी तोंडांत धरली होती, पण वाजविली नाहीं. त्यांनींहि भिंतीकडे पाहिलें.

अक्का म्हणाली, ‘होता.’

मी पारनेरला गेलों. पहिल्याच सामन्यांत आम्ही सपाटून हरलों ही गोष्ट वेगळी; परंतु तेव्हांपासून गांवांत मी ‘गडी’ ठरलों. खेळाचें एक प्रमाणपत्र मिळालें, आणि पुढें नगरला वसतिगृहांत जागा मिळतांना त्याचा थोडाबहुत उपयोगहि झाला. तो मुलगा त्याच वर्षीं शाळा सोडून, आमच्या भागांतले पुष्कळजण जातात तसा, मुंबईला ओझीं उचलण्याच्या कामावर गेला. या दोन गोष्टींचा परस्परांशीं कांहीं संबंध नसेलहि.

मागें एका दिवाळींत आम्ही सारीं राळेगणच्या घरीं जमलों होतों. भाऊबिजेसाठीं अक्का आली होती, बरोबर तिची बारा वर्षांची नात. ही नात तिच्या शाळेच्या संघांत खेळते. कोपऱ्याला उभी राहते आणि मॅटवर खेळावयाचे बूट घरांतहि मिरविते. रात्रीं सामना लागला. अक्का लसूण सोलीत पडद्यासमोर बसली. ती एकहि सामना चुकवीत नाहीं हें मला त्या दिवशीं कळलें. मीं नेहमींप्रमाणें घड्याळाविरुद्ध व्याख्यान सुरू केलें. नातीनें मध्येंच विचारलें, ‘मामाआजोबा, तुमच्या वेळीं चढाई किती सेकंद चालायची?’

मी म्हटलें, ‘आम्ही मोजीत नसूं, बाळ. दम असेल तोंवर.’

‘घड्याळ आलं ते लई बरं झालं,’ अक्का पडद्यावरची नजर न काढतां म्हणाली.

‘कां बरें?’

‘घड्याळाला भाऊ नसतो.’

मला प्रथम कांहीं उमगलें नाहीं. मग उमगलें, आणि तरीहि मीं विचारलें. तिनें हातांतली पाकळी ताटलींत टाकली. ‘तुटला होता तुझा. रेघेच्या हातभर अलीकडं.’

‘मग बोलली कां नाहींस?’

‘तू खाली पडून माझ्याकडं बघत होतास. मास्तर बघत होते. समदे बघत होते. एवढ्या वर्षांत भिंतीवरनं खाली उतर म्हणून कुणी म्हणलं नव्हतं मला. त्या दिवशी वाटलं, आपल्याबी हातात कायतरी हाय.’ थोडें थांबून ती म्हणाली, ‘त्याला ठावं होतं. त्यानं माझ्याकडं बघितलं अन् मान खाली घातली. त्यानंतर तो खेळायला आला नाही.’

चाळीस वर्षें मी जो दम सांगत आलों तो तिनें मला उसना दिलेला होता. काय बोलावें तें मला सुचेना. तेवढ्यांत पडद्यावर कोणाची तरी तिसरी चढाई आली, आंकडे उलटे धांवूं लागले, आणि अक्कानें हातानें मला बाजूस होण्याची खूण केली. मी मध्यें उभा होतों.

जेवणें झाल्यावर मी एकटाच गच्चीवर गेलों. ओढ्याकांठचा तो तुकडा तेथून अंधारांत दिसत नाहीं. मनगटावरचें घड्याळ डोळ्यांशीं धरून मीं हळू आवाजांत हुतुतू म्हणावयास सुरुवात केली. नवव्या सेकंदाला छाती भरून आली. तेराव्याला कानांत घण वाजूं लागले. पंधराव्याला, कोणी नाहींसें पाहून, मीं हळूच एक श्वास आंत घेतला आणि तसाच पुढें चालू राहिलों.

खालीं ओसरीवरून अक्काचा आवाज आला, ‘तुटला!’