इस्तिखाऱ्यात काय आलं?

कसारा लोकलच्या डब्यात दाराशेजारी एखादा तरी कागद चिकटवलेला असतोच. कुणी बाबा बंगाली, खाली मोबाइल नंबर, आणि नोकरी, लग्न, कोर्टकचेरी अशा साऱ्या अडचणींवर काही तासांत उत्तराची हमी. शहाडला उतरेपर्यंत तो वाचून पाठ होतो. असल्या बाबांकडे जाणं हराम, असं सांगणारे आम्हा मुसलमानांत पुष्कळ आहेत. पण त्यांच्यातल्याच अनेकांना इस्तिखाऱ्याकडूनही नेमकं तेच हवं असतं : पक्कं उत्तर, लवकर, आणि शक्यतो दुसऱ्याने काढून दिलेलं.

इस्तिखाऱ्याची मूळ रीत फार साधी. मनात एखादं काम आलं, ते जायज आहे, पण करावं की नाही कळत नाही. अशा वेळी दोन रकात नफिल, म्हणजे ऐच्छिक, नमाज पढायची आणि एक छोटी दुआ मागायची. पैगंबर साहेब ही दुआ कुरआनातली सूरह शिकवावी तितक्या काळजीने शिकवत, तीही सगळ्याच कामांसाठी, असं जाबिर बिन अब्दुल्लाह यांनी सांगितलं आहे. ‘सहीह बुखारी’त ती हदीस आहे. दुआत माणूस आधी आपलं अज्ञान कबूल करतो. मग म्हणतो की हे काम माझ्या दीनासाठी, रोजीसाठी आणि शेवटासाठी भलं असेल तर सोपं कर. नसेल तर ते माझ्यापासून वळव आणि मलाही त्याच्यापासून वळव. भलं जिथे असेल तिथून दे. आणि अगदी शेवटी, जे देशील त्यात मला राजी ठेव. मला अडखळायला होतं ते या शेवटच्या मागण्यापाशी, पण त्याबद्दल पुढे.

अख्ख्या दुआत ‘मला कळव’ असं कुठेच नाही. स्वप्नाचा उल्लेख नाही, रंगाचा नाही. तरी पांढरं किंवा हिरवं दिसलं तर होकार, काळं किंवा लाल दिसलं तर नकार, ही समजूत घरोघर पक्की बसलेली. अम्मीच्या एका मैत्रिणीने मुलाच्या रिक्षासाठी इस्तिखारा केला, तर स्वप्नात टोमॅटो आले. लाल म्हणून नको म्हणायचं, तर देठ हिरवे होते. त्यावर बायकांची जी चर्चा रंगली ती मी आतल्या खोलीतून ऐकली आहे.

गंमत म्हणजे असे कौल मोडूनच ही दुआ आली. इस्लामपूर्व अरब प्रवासाला, लढाईला, लग्नाला निघण्याआधी बाण काढत. एका बाणावर रबाची आज्ञा, दुसऱ्यावर मनाई, तिसरा कोरा. कोरा आला की पुन्हा काढायचा. सूरह माइदाने ही पद्धत बंद केली, आणि तिच्या जागी इस्तिखारा दिला गेला असं आलिम इब्नुल कय्यिम लिहितात. ऑफिसातल्या मालवणच्या मित्राला हे सांगितलं तर तो म्हणाला, “म्हणजे आमचा गुरव देवाला कौल लावतो तसंच की.” मी म्हटलं, नाही रे, तुमच्याकडे निदान देव उजवं-डावं तरी देतो. आमच्याकडे नमाज झाली की मुसल्ला गुंडाळायचा आणि आपल्या पायांनी कामाला लागायचं. त्याला हा सौदा काही फायद्याचा वाटला नाही.

उत्तर येत नाही म्हणूनच कदाचित लोक ते बनवतात. आमच्या धाकट्या बहिणीसाठी एका घरून विचारणा झाली. माणसं येऊन बसली, चहा-सामोसे झाले, मुलाच्या आईने तिचा हात हातात घेतला. आठवड्याने निरोप आला : इस्तिखाऱ्यात आलं नाही. यावर बोलणार काय? अल्लाहनेच नको म्हटल्यावर भांडायची सोय उरत नाही. नंतर तिसऱ्याच तोंडून कळलं की मुलगी शिकवण्या घेते, लग्नानंतरही घेणार म्हणते, हे त्यांना रुचलं नव्हतं. शेजारच्या हिंदू घरांत हेच काम पत्रिका करते. पत्रिका न जुळण्यामागे मुलीचा रंग असतो किंवा बापाचा खिसा, हे दोन्ही बाजूंना ठाऊक असतं आणि दोन्ही बाजू ग्रहांना पुढे करतात. पण ग्रहांवर ढकलणं वेगळं. ज्या दुआत आपण काहीच जाणत नाही असं कबूल करायचं, तिचाच आधार घेऊन आपली आवडनिवड अल्लाहच्या नावावर खपवायची, हे मला साध्या खोटेपणाहून वाईट वाटतं. शिकवण्या नकोत, असं तोंडावर सांगितलं असतं तर बहिणीने त्यांना एक सामोसा जास्तच वाढला असता.

दुसरी पळवाट फोनवरची. मौलानांना नाव, आईचं नाव सांगायचं आणि ‘निकाल’ ऐकायचा. वुजू कुणी करायचा, झोप कुणाची उडायची?

याउलट, पैगंबरांच्या दफनाची एक हकीकत ‘इब्ने माजा’त आहे. मदिनेत कबर खोदणारे दोघे होते. एक बाजूला कोनाडा कोरलेली लहद खोदायचा, दुसरा सरळ मध्ये खड्डा घ्यायचा. कुठली कबर करावी यावर एकमत होईना. तेव्हा सहाबांनी, म्हणजे पैगंबरांच्या साथीदारांनी, ठरवलं की रबाकडे भलाई मागू, दोघांनाही निरोप धाडू, आणि जो आधी येईल त्याला काम देऊ. लहदवाला आधी पोचला. स्वप्नाची वाट पाहत कुणी झोपी गेलं नाही; निरोप्यांना पिटाळलं. इस्तिखारा मला या प्रसंगात जितका स्वच्छ दिसतो तितका मसल्यांच्या पुस्तकांत दिसत नाही.

तरी प्रश्न उरतोच : नमाजेनंतर माणसाने नेमकं करायचं काय? तेराव्या शतकातल्या दोन मोठ्या आलिमांची उत्तरं वेगळी आहेत. इमाम नववी म्हणतात, मन ज्या बाजूला मोकळं होईल तिकडे जा. मात्र आधीपासून जी ओढ होती तिच्यावर भिस्त ठेवू नका. इज्जुद्दीन बिन अब्दुस्सलाम म्हणतात, मनात येईल ते करा, भलाई त्यातच असेल. आम्ही कोकणी मुसलमान शाफई मजहबचे, आणि हे दोघेही शाफईच, म्हणून दोघेही आमच्या घरातले. पण मनाची आधीची ओढ आणि नंतरचा कल वेगळा कसा काढायचा? दोहाच्या नोकरीचं पत्र आलं तेव्हा मला हे जमलं नाही. अब्बा आजारी होते. भावाशी, बायकोशी मशवरा केला, रात्रीच्या इशाच्या नमाजेनंतर दोन रकात पढल्या, आणि ‘नाही’ असं कळवलं. तो कल होता, भीती होती की अब्बांचा खोकला, हे मला आजही सांगता येणार नाही.

माझ्याऐवजी गेलेल्या मित्राने कल्याणला मोठं घर घेतलं. तो सुट्टीवर आला की मिठाई घेऊन येतो, आणि तेव्हा मला दुआतलं ते शेवटचं मागणं आठवतं. निर्णय घेऊन झाला की माणसाला वाटतं संपलं. पण राजी राहणं हे काम त्यानंतर सुरू होतं, आणि ते एका रात्रीत आटपत नाही. कधी महिनेच्या महिने मी राजी असतो. मग एखाद्या पगाराच्या तारखेला नसतो. अम्मीला हे बोलून दाखवलं, तर ती म्हणाली, “पुन्हा माग की. दुआला काय मुदत असते?”

सध्या आमच्या इमारतीत पुनर्विकासाचा विषय चालू आहे. बिल्डरचा माणूस रंगीत नकाशे वाटून गेला. खालच्या मजल्यावरच्या खाला जिन्यात गाठून विचारतात, “बेटा, तुझं तर या सगळ्यात वाचन आहे. इस्तिखाऱ्यात काय आलं?”

“खाला,” मी म्हणतो, “आधी कार्पेट एरिया लेखी येऊ दे.”