खानाच्या शिपायाचे डोळे



गेल्या दिवाळीत मी चौसष्ट माणसे रंगवली. प्रत्येकाची उंची बोटभर. त्यांतली चाळीस आपली आणि चोवीस शाएस्तेखानाची. उभा जन्म हरिकीर्तनात घालवलेल्या म्हाताऱ्याने या वयात बाहुल्या रंगवत बसावे याचे कुणाला हसू आले तर खुशाल हसावे. आधी मीही हसलोच होतो.

माझा नातू, मुलीचा मुलगा, चाकणला एका मोटारींच्या कारखान्यात पेंट शॉपला आहे. तिथे रंगाचा फवारा यंत्राचा हात मारतो. हा ट्यूबलाइटच्या झगझगीत उजेडात उभा राहून पत्र्यावर कुठे धुळीचा कण बसला, कुठे रंग ओघळला, एवढेच बघतो. पाळी संपवून मोशीला घरी आला की जेवतो आणि टेबलावर दिवा ओढून सव्वा-सव्वा इंचाची माणसे रंगवत बसतो. ही माणसे खेळातली. फासे टाकून टेबलावर लढाई खेळायची, आणि ज्याने त्याने आपले सैन्य आपल्या हाताने रंगवून आणायचे. एच. जी. वेल्स नावाच्या इंग्रज लेखकाने १९१३ साली अशा खेळाचे पुस्तकच लिहिले होते. नातू खेळतो तो वॉरहॅमर १९८३ मध्ये इंग्लंडात निघाला.

एका रात्री मला राहवले नाही. म्हणालो, "अरे, एवढ्या वेळात किती नामस्मरण झाले असते!" तो उलट बोलला नाही. त्याने ब्रश माझ्यापुढे धरला. "आबा, एक डोळा काढून दाखवा."

मला वाटले, त्यात काय? गंध लावायला शिकलो तेव्हापासून काडीने बारीक रेघ ओढतो आहे. काढला डोळा. तो गालावर गेला. दुसरा काढला, तो कपाळावर. तिसऱ्याला सगळा चेहराच काळा झाला. आता घसा बसल्यामुळे मी नारदाची गादी सोडलेली, संध्याकाळ मोकळी. दुसऱ्या दिवशी पुन्हा बसलो. मग रोजच बसू लागलो.

यातले तंत्र सांगतो, कारण ते कळल्याशिवाय पुढचे कळणार नाही. प्लास्टरची मूर्ती पाणी पिते, म्हणून आधी पांढऱ्या रंगाचे पातळ अस्तर द्यायचे आणि वाळू द्यायचे. मूर्ती हातात धरायची नाही. बाटलीच्या बुचावर मेणाने चिकटवायची आणि बूच धरायचे. मग डोळा, सगळ्यांच्या आधी, कारण चुकला तर भोवतीची कातडी नंतर रंगवून सुधारता येतो. खाचेत गडद तपकिरी रेघ, तिच्या पोटात तिच्याहून बारीक पांढरी, आणि पांढऱ्यात बुबुळाचा ठिपका. ठिपका मधोमध सुटा पडला तर माणूस भूत बघितल्यासारखा दिसतो. बुबुळ वरच्या पापणीला टेकले पाहिजे. लोकांना वाटते ब्रश जितका बारीक तितके काम चांगले. तसे नाही. फार बारीक ब्रशात रंगच राहत नाही, डोळ्यापर्यंत नेईतो टोकावर वाळून जातो. जरा भरलेला पण टोक शाबूत असलेला ब्रश बरा. दोन्ही कोपरे टेबलावर, दोन्ही मनगटे एकमेकांना टेकलेली, आणि ठिपका द्यायचा तो श्वास सोडताना. टाळ वाजवताना मनगट सैल लागते, इथे ते बांधून घ्यावे लागते. ही सवय मोडायला मला दोन महिने लागले.

डोळा झाला की अंगरखा, पगडी, शेला हे मोठे रंग. मग तपकिरी रंग भरपूर पाण्यात कालवून अंगावरून सोडायचा. तो आपल्या पायाने कापडाच्या चुण्यांत उतरतो आणि सावली पडते. वाळल्यावर ब्रश फडक्यावर जवळजवळ कोरडा पुसून उंचवट्यांवरून नुसता फिरवायचा, की कडा उजळतात. हे पहिल्यांदा जमले तेव्हा मी नातवाला झोपेतून उठवून दाखवले होते.

खेळासाठी एवढे बारीक रंगवायचे हे काही साहेबाचेच नव्हे. सावंतवाडीचे गंजिफे पाहा. दशावतारी गंजिफ्याची गोल पाने एकशे वीस, दहा अवतारांची बारा-बारा, आणि प्रत्येक पान हाताने रंगवलेले. आपल्या संतांनी तर हुतूतू, फुगडी, विटीदांडू या सगळ्यांवर अभंग केले. त्यामुळे खेळाला कमी लेखण्याचा मला अधिकारच नव्हता. असो.

आमच्या सोसायटीत पोरे दर दिवाळीला पार्किंगच्या कडेला किल्ला करतात. विटा, गोणपाट, लाल माती, वरून अळीव पेरायचे. दरवर्षी रायगड नाहीतर प्रतापगड. गेल्या वर्षी नातू म्हणाला, रोज ज्या गावावरून बसने जातो त्याच गावचा किल्ला करू. चाकण म्हटले की आपल्याला संताजी महाराज जगनाडे आठवतात, तेल गाळणाऱ्या हातांनी तुकोबारायांचे अभंग उतरवून घेणारे. पण त्याच चाकणात संग्रामदुर्ग आहे. डोंगर नाही, भुईकोट. आज ट्रकांच्या रांगांतून वाट काढत गेलात तर तटाचे आणि बुरुजांचे उरलेले अवशेष दिसतील. १६६० च्या पावसाळ्यात शाएस्तेखानाने त्याला वेढा घातला. किल्लेदार फिरंगोजी नरसाळा. थोड्या शिबंदीनिशी त्यांनी जवळजवळ दोन महिने किल्ला झुंजवला. शेवटी खानाच्या लोकांनी भुयार खणून सुरुंगाने बुरूज उडवला, तेव्हा तो पडला.

हा प्रसंग मी दृष्टान्ताला किती वेळा घेतला याची मोजदाद नाही. धीर कसा असावा हे सांगायला फार चांगला. फिरंगोजींना मी उभे करायचो तेव्हा मंडपात टाचणी पडली तरी ऐकू यावी. आणि मग हशा हवा म्हणून खानाचा शिपाई आणायचो. नाकात बोलणारा, चिखलात घसरणारा, डोळे गरगर फिरवणारा. मृदंगावर थाप पडायची, मागे टाळकरी डोलायचे.

आता किल्ला वेढ्याचा म्हणजे वेढा घालणारे हवेत. चिंचवडला रस्त्याकडेच्या दुकानांत महाराज मिळाले, मावळे, तोफा, गवळण, वाघ मिळाला. खानाचा शिपाई कुठेच मिळाला नाही. मग आम्ही चोवीस मावळेच जास्त आणले आणि एम-सीलचे गोळे थापून त्यांच्या पगड्या बदलल्या. पोरे भोवती बसली होती. "आजोबा, यांचे डोळे लाल करा. दात बाहेर काढा." केले. लाल डोळ्याला काही लागत नाही, माउली. ना अस्तराची रेघ, ना पांढरे, ना पापणी. एक टिपका दिला की झाले. अर्ध्या तासात सात शिपाई उरकले.

रात्री पाळीवरून आलेल्या नातवाने ते दिव्याखाली धरले, कारखान्यात धरतो तसे. "आबा, हे सात रिजेक्ट. इथे तुम्ही डोळा काढलेलाच नाही." त्याच्या मनात दुसरे काही नव्हते. कामाबद्दलच बोलत होता. मग म्हणाला, "आणि यांचे कपडे कसले? सगळ्यांना हिरवेच का?"

कीर्तनात मला हा प्रश्न कधी कुणी विचारला नव्हता. तिथे 'खानाची फौज' म्हटले की भागते. ब्रश हातात घेतल्यावर मात्र पगडी कुठली, दाढी कुणाला, कपाळ मोकळे की गंधाचे, हे ठरवावेच लागते. पुस्तके काढली. खानाच्या फौजेत राजपूत होते. मराठे सरदार होते. हे मला नव्याने कळले असे नाही, वाचलेले होते. पण सांगताना मी ते गाळत आलो होतो, कारण त्याने हशा पातळ होतो. चोवीसांतल्या कितीकांच्या कपाळी मला गंध काढावे लागले.

आणि आठव्या शिपायाचा डोळा काढताना मला माइकवाले आठवले.

तीसेक वर्षे झाली असतील. चाकणच्या पलीकडे एका गावी सप्ताह असायचा, गावाचे नाव लिहीत नाही. माझे तिथे ओळीने पाच वर्षे कीर्तन झाले. माइकवाले एक मुसलमान गृहस्थ होते. सातही दिवस मंडपातच निजायचे, पहाटे काकड्याच्या आधी उठून भोंगा लावायचे. माझा आवाज कुठे फाटतो हे माझ्याआधी त्यांना कळे. मी वरच्या पट्टीत जायच्या आत त्यांचा हात बटणावर गेलेला असे. श्रीगोंद्याचे शेख महंमद आपल्या संतमालिकेत कसे आहेत, हे मी त्याच मंडपात एके वर्षी सांगितले, तेव्हा ते मान डोलवत होते. पुढच्या वर्षी मी चाकणचा वेढा घेतला. हशा वाढतो आहे असे दिसले आणि मी शिपाई फुलवत नेला. शिपायावरून त्याच्या दाढीवर आलो, दाढीवरून नमाजावर. सगळा मंडप हसला. माझी नजर सहज डावीकडे गेली. ते मशीनकडे बघत होते. आवाज अगदी नीट लागलेला होता, नेहमीसारखा. कीर्तन आटोपल्यावर त्यांनी वायरी गुंडाळल्या, मला "रामकृष्ण हरी, महाराज" म्हणाले, तेही नेहमीसारखे. पुढच्या साली माइकवाला दुसरा होता.

मी विचारले नाही. विचारले असते तर कारण साधेच निघाले असते, किंवा नसतेही. ते दुसरे मला ऐकायचे नव्हते.

ते सात शिपाई मी पुन्हा रंगवले. प्लास्टरवरचा रंग धुता येत नाही. त्यावर पुन्हा अस्तर द्यावे लागते आणि दोन थरांनी डोळ्याची खाच बुजत येते, म्हणून सुईने ती परत कोरली. सातांना दहा दिवस गेले. त्यांतल्या एकाचे डोळे मला फार चांगले साधले, सगळ्या चौसष्टांत चांगले. खाली वाकून सुरुंगाच्या बत्तीकडे बघतो आहे आणि पावसाने ती विझेल की काय याची काळजी त्याला लागली आहे, असे वाटते.

पोरे नाराज झाली. तिसरीतली एक चिमुरडी म्हणाली, "आजोबा, मग हे वाईट आहेत हे कसं कळणार?"

म्हटले, "खंदकाच्या बाहेर आहेत ना, त्यावरून."

तिने थोडा विचार केला आणि तिला पटले. फिरंगोजी बुरुजावर उभे केले, बुरुजाखाली पोरांनी लवंगी माळ पुरली. लक्ष्मीपूजनाच्या रात्री बुरूज उडवला. किल्ला पडल्यावर फिरंगोजी ताठ मानेने खानासमोर गेले आणि त्याची चाकरी नाकारून महाराजांकडे परतले, असे सांगतात. ते मी पोरांना सांगितले, या वेळी नाकात न बोलता.

भाऊबीजेनंतर पोरांनी मावळे वाटून घेतले. खानाचे शिपाई कुणाला नको होते. ते माझ्याकडे आले. तेवीस पेटीत आहेत, आणि बत्तीकडे बघणारा एक टेबलावर बुचावर आहे.

त्या सप्ताहाचे जुने वीणेकरी मला माघात भेटले. त्यांना विचारले. म्हणाले, आहेत की, मुले मंडपाचा धंदा बघतात, त्यांना स्वतःला मात्र हल्ली ऐकू फार कमी येते. माझा आवाज बसलेला, आणि त्यांना ऐकू येत नाही. तरी येत्या गुरुवारी नातवाला सुटी आहे, मोटारसायकलवरून नेतो म्हणाला. बुचावरचा शिपाई बरोबर न्यावा की नाही, ते अजून ठरत नाही.